निंबगव्हाणच्या बसचे नऊ संदर्भ

पल्लवीला एक खोड होती. एकच गोष्ट दोनदा मांडलेली दिसली की तिचं डोकं फिरायचं. फडताळात मिठाचे दोन डबे, एकाच माणसाचे दोन अर्ज, लग्नपत्रिकेत एकाच काकाचं नाव निमंत्रकांतही आणि व्यवस्थापकांतही. "एकदा सांगितलं की पुरे न्हाई का? माणसं बहिरी हायत का?" असं पुटपुटत ती आवरायला लागायची. तिची आई लक्ष्मीबाई म्हणायची, "पोरगी न्हाई, केरसुणी जन्माला आली माझ्या पोटी."

हट्टा गावच्या चौकात पल्लवीचं सेवा केंद्र होतं. सकाळी दाखले, पीकविमा, शिष्यवृत्त्या, नुसती झुंबड. पण दुपारी दोननंतर चिटपाखरू फिरकायचं नाही. शेजारचे दुकानदार तेव्हा डुलक्या काढायचे आणि पल्लवी लोककोश उघडून बसायची. लोककोश म्हणजे इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. अट एवढीच, की लिहिलेलं कुठून कळलं त्याचा संदर्भ खाली द्यायचा. आता लोक काय करायचे, एकच पुस्तक पाच वाक्यांना लागलं तर ते खाली पाच वेळा लिहून मोकळे व्हायचे. एकदा पूर्ण नावानं, एकदा अर्ध्या, एकदा नुसत्या लेखकाच्या आडनावानं. वाचणाऱ्याला वाटायचं, बापरे, पाच पुस्तकं! पल्लवी त्या पाचांचं एक करायची. बेडकांवरचा लेख, गडकिल्ल्यांवरचा, ज्वारीच्या खोडकिडीवरचा, काही म्हणून सोडलं नव्हतं तिनं. कुणी शाबासकी दिली नाही, तिनं मागितलीही नाही.

अशाच एका दुपारी संतराम आला. संतराम निंबगव्हाणचा उपसरपंच, म्हणजे पल्लवीच्याच गावचा, आणि विजयकुमारभाऊंचा उजवा हात. भाऊ म्हणजे मोठे जमीनदार, पंचायत समितीचे माजी सभापती. गावात पान हललं तरी ते भाऊंच्या आशीर्वादानं हललं, असं म्हणायची पद्धत होती.

"पल्लवी, एवढा मजकूर नीट मांडून छापून दे," संतरामनं पेनड्राइव्ह पुढं केला. "फाट्यावर नवा प्रवासी निवारा झाला ना, त्याच्यावर दगड बसवायचा हाय. रविवारी भाऊंच्या हस्ते उद्घाटन."

पल्लवीनं मजकूर उघडला. 'निंबगव्हाणच्या लेकींची शिक्षणासाठी होणारी गैरसोय ओळखून मा. विजयकुमारभाऊ यांनी केलेल्या अथक पाठपुराव्याला यश आले व गावास बससेवा सुरू झाली.'

तिनं पुन्हा वाचलं. मग संतरामकडं बघितलं. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"हे कुणी लिहिलं, संतरामदादा?"

"मी काहून लिहू? लोककोशात हाय. आपल्या गावाचा लेख हाय तिथं, कुणीतरी केलेला. खाली संदर्भ बी हायत, एक न्हाई दोन न्हाई, नऊ! नऊ पेपरात आलेलं खोटं असतंय व्हय?"

"तुमाला ठाऊक न्हाई का बस कशी आली ते?"

"मला काय ठाऊक हाय ते इचारतंय कोण? कोशात हाय तेच कोरायचं. त्याला आधार हाय." आणि फोन आल्याचं निमित्त करून तो बाहेर सटकला.

आता तुम्हीच सांगा, माणसानं खवळावं की नाही? बस कशी आली हे निंबगव्हाणात कुणाला ठाऊक नव्हतं? पल्लवी तेव्हा दहावीत. मोठ्या रस्त्यावरून बस रोज भरधाव जायची, पण निंबगव्हाणच्या फाट्यावर थांबायची नाही, कारण कागदोपत्री तिथं थांबाच नव्हता. पोरी शाळेसाठी हट्ट्याला पायी जायच्या. पावसाळ्यात काळ्या मातीतून चपला हातात घेऊन. आठवी झाली की एकेकीचं दप्तर खुंटीला लागायचं, कारण पोरीला एवढं लांब एकटं कोण पाठवणार? अर्ज झाले, निवेदनं झाली, ती कुठं गेली देव जाणे. शेवटी एका सकाळी गावातल्या सात बाया, त्यांत लक्ष्मीबाईही, उठल्या आणि फाट्यावर जाऊन रस्त्यात बसल्या. बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या, गाडी हळूहळू पुढं रेटली. तेव्हा नर्मदाबाई, म्हणजे याच संतरामची आई, पदर खोचून उठली आणि पुढच्या चाकासमोर आडवी झाली. "जाऊ दे बाप्पा तुझी गाडी," म्हणाली. "हिथून जाऊ दे."

गाडी गेली नाही. पोलीस आले. सातही जणींना जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं, गुन्हा दाखल केला, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. आणि भाऊ? भाऊ त्या दिवशी गावातच होते. मोटरसायकलवरून घरोघर फिरून बायकांच्या नवऱ्यांना सांगत होते, "बायांना आवरा. गावाची बेअब्रू करून राहिल्या." पुढच्याच आठवड्यात बस गावात आली. तेव्हा मात्र नारळ फोडायला भाऊ सगळ्यांच्या पुढं, गळ्यात हार घालून. आणि त्या सात बाया सहा वर्षं कोर्टाच्या तारखा करत राहिल्या. ज्या बसपायी गुन्हा झाला, त्याच बसनं, तिकीट काढून.

हे सगळं दगडावर 'अथक पाठपुरावा' होऊन बसणार होतं. पल्लवीनं लोककोशातला निंबगव्हाणचा लेख उघडला. खरंच, त्या एका वाक्याखाली नऊ संदर्भ लागले होते. नऊ वर्तमानपत्रं, तीन जिल्ह्यांतली. पण तारीख? सगळ्यांची एकच. भाऊंच्या एकसष्टीची. तिनं एकेक बातमी उघडली. पहिली वाचली, दुसरी वाचली, तिसरीला तिला हसू आलं आणि चौथीला हसू पळालं. शब्द न् शब्द तोच. 'निंबगव्हाणच्या लेकींची शिक्षणासाठी होणारी गैरसोय ओळखून' हे नऊ ठिकाणी. मथळे तेवढे बदललेले.

हे तर तिचंच काम होतं की! एक पुस्तक पाचदा लिहिलेलं असतं, इथं एक बातमी नऊदा लिहिली होती. तिनं नऊचा एक केला, कारण लिहिलं, 'एकच मजकूर, एकच स्रोत', आणि जरा थंड होऊन चहा मागवला.

चहा संपायच्या आत तिचं काम पुसलं गेलं होतं. लोककोशावर 'वस्तुनिष्ठ' या नावानं वावरणारा एक जुना जाणता सदस्य होता. पुण्याचा का नागपूरचा, कुणास ठाऊक. त्यानं लिहिलं होतं: 'आदरणीय सदस्य, नऊ स्वतंत्र वृत्तपत्रांनी दिलेली माहिती आपण एकाच संदर्भात कोंबली आहे. आपले संपादन उलटवले आहे. प्रयोग करावयाचे असल्यास कृपया धूळपाटी वापरावी.'

धूळपाटी म्हणजे नवशिक्यांनी गिरवायची जागा. पल्लवीला! जिनं हजारभर लेखांचा केरकचरा काढला तिला! तिनं दात ओठ खाऊन उत्तर लिहिलं, की ही बातमी एकाच माणसानं लिहिलेली आहे, आणि ती खोटी आहे, बस माझ्या आईनं आणि इतर बायकांनी आणली.

उत्तर आलं: 'मातोश्रींचे सांगणे हा संदर्भ होऊ शकत नाही. शिवाय आपला हितसंबंध दिसतो. छापील आधार असल्यास द्यावा.'

हितसंबंध! म्हणजे जिनं सोसलं तिच्या पोरीचा हितसंबंध, आणि ज्याच्या वाढदिवसाला बातमी छापली त्याचा नाही. वा रे वस्तुनिष्ठ! पल्लवीनं लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की शेजारचा मेडिकलवाला झोपेतून दचकून उठला.

घरी येऊन तिनं लक्ष्मीबाईला सगळं सांगितलं. लक्ष्मीबाई अंगणात तुरी पाखडत बसली होती. सूप थांबलं नाही.

"जाऊ दे माय," ती म्हणाली. "बस आली न्हवं? तू शिकलीस न्हवं? मग कोण का नाव लावंना."

"जाऊ दे कसं? दगडावर कोरून राहिले ते!"

"कोरू दे. पर ते कोर्टाचं काय बी काढू नको. शिलाच्या लेकीच्या सासरी अजून ठाऊक न्हाई. धुरपतीच्या घरी तर तिच्या सुनेला बी सांगितलेलं न्हाई. आरोपी म्हणत व्हते आमाला, आरोपी. कोर्टात तसं नाव घेऊन हाका मारायचे. काय शोभा व्हती व्हय ती?"

पल्लवीला रडूच कोसळायला आलं, रागानं. ज्याची लाज भाऊंना वाटायला हवी होती ती यांनी पदरात बांधून ठेवली होती, इतकी वर्षं.

दुसऱ्या दिवशी ती पुनमचंदकडं गेली. पुनमचंदचं वह्या-पुस्तकांचं दुकान, पेपरची एजन्सीही त्याच्याचकडं, आणि आसपासच्या पन्नास गावांचा वार्ताहरही तोच. कुठल्या पेपरचा म्हणाल तर सगळ्यांचा. त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

"काका, भाऊंच्या एकसष्टीची बातमी नऊ पेपरात आली होती. कुणी कुणी लिहिली?"

पुनमचंदची छाती फुगली. "कुणी कुणी म्हणजे? नऊच्या नऊ माझ्या! एकदा लिहायची, फोनवरून सगळ्यांना एकदम सोडायची. मथळा ज्याचा त्यानं द्यायचा. अगं, असंच चालतंय सगळीकडं. एका गावाला नऊ वार्ताहर कुठून आणणार?"

"आणि बस भाऊंनी आणली, हे कुणी सांगितलं?"

"भाऊंच्या माणसांनी मजकूर दिला, मी भाषा नीट केली."

"काका, तुम्ही तर फाट्यावर हजर होता त्या दिवशी. माझ्या मायला जीपमध्ये घालताना बघितलंय तुम्ही."

पुनमचंदनं चष्मा काढून पुसला. "बघितलंय ना. न्हाई कुठं म्हणतो मी? पर तुमच्यापैकी कुणी बातमी दिली का मला? बातमी द्यावी लागतीय बाई, ती आपोआप होत नसती."

"तुमच्या डोळ्यांसमोर झाली ना ती!"

"तकलीफ करून घेऊ नको," तो म्हणाला. "भाऊंची जाहिरात असतीय दरसाल. मी तुला लेखी काय देणार न्हाई."

पल्लवी धाडधाड पायऱ्या उतरली. बघा कसला न्याय! चाकासमोर आडवं व्हायचं ते व्हायचं, आणि वर घरी जाऊन स्वतःच्या पराक्रमाचा मजकूर लिहून, फोटो जोडून, दुकानावर नेऊन द्यायचा. नाही दिला तर झालंच नाही!

पण एक गोष्ट ती विसरली नव्हती. पुनमचंद घाईचा माणूस. त्यानं नऊ ठिकाणी एकदम सोडलेलं नऊ ठिकाणी घाईनंच चिकटवलं असणार. केंद्रात येऊन तिनं नऊही बातम्या शेजारी शेजारी लावल्या आणि या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. सहाव्या पेपरात भाऊंच्या दीर्घायुष्याची कामना संपली आणि तिच्याच खाली, त्याच ठशात, छापून आलं होतं: 'साहेब आजच लावा. फोटोत भाऊ मधोमध येऊ द्या. जाहिरात उद्या पाठवतो. पुनमचंद.'

पल्लवी एवढ्या मोठ्यानं हसली की मेडिकलवाला पुन्हा उठला. तिनं शेवटच्या पेपरापर्यंत वाचलं. आठव्यातही तेच शेपूट! दोन्ही पानांची चित्रं काढून तिनं लोककोशाच्या चर्चापानावर टाकली आणि खाली एवढंच लिहिलं: 'आपली स्वतंत्र वृत्तपत्रे.'

तासाभरानं वस्तुनिष्ठचं उत्तर आलं: 'आपले म्हणणे मान्य. एकच स्रोत दिसतो. संदर्भ एकत्र करण्यास हरकत नाही. मात्र एक संदर्भ हाही संदर्भच. विधान तसेच राहील. वेगळे विधान करावयाचे असल्यास त्यास आधार हवा.'

नऊचा एक झाला. वाक्य मात्र जागचं हललं नाही. पल्लवी जिंकून हरली होती, आणि रविवार जवळ येत होता.

आधार होता. तो तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. केंद्रात रोज दोन-चार माणसं कोर्टाची तारीख बघायला यायची. पल्लवीच सरकारी वेबसाइट उघडून त्यांना सांगायची. तिथंच आईच्या खटल्याचा निकालही पडलेला होता, कुणीही उघडून वाचावा असा. सरकार विरुद्ध लक्ष्मीबाई व इतर. त्यात बस अडवल्याचा दिवस होता, मागणी काय होती ते होतं, सातही जणींची नावं होती, त्या निर्दोष सुटल्याचं होतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे ड्रायव्हरची साक्ष होती. 'सदर घटनेनंतर आठवड्याच्या आत मला निंबगव्हाणच्या फेरीवर पाठवण्यात आले. त्यापूर्वी तेथे फेरी नव्हती.' भाऊंच्या पाठपुराव्याला नऊ बातम्या आणि बायांच्या पाठपुराव्याला एक गुन्हा. पण त्या एका गुन्ह्यात जेवढं खरं होतं तेवढं नऊ पेपरांत मिळून नव्हतं.

फक्त ते लावायचं तर सातजणींची नावं आरोपी म्हणून जगापुढं ठेवायची. आणि आई नको म्हणाली होती.

संध्याकाळी संतराम घरी आला. पल्लवी नुकतीच बसमधून उतरून हातपाय धूत होती. संतराम ओट्यावर टेकला, लक्ष्मीबाईनं दिलेलं पाणी प्यायला आणि कामाचं बोलला.

"मावशी, रविवारी वीस-पंचवीस बाया जमवा. चांगल्या साड्या नेसून या. भाऊंना हार घालायचा, फोटो काढायचा. तुमी मोठ्या हायत, तुमचं ऐकत्यात समद्या."

"कशापायी हार?"

"बसपायी. त्यायनी बस आणली म्हणून." हे बोलताना संतरामची मान खाली होती, पण बोलला.

लक्ष्मीबाई पल्लवीकडं वळून म्हणाली, "काय कोरणार हायत त्या दगडावर? वाच बरं एकदा."

पल्लवीनं फोनमधून वाचून दाखवलं. 'लेकींची शिक्षणासाठी होणारी गैरसोय ओळखून' इथपर्यंत आली आणि लक्ष्मीबाईनं हात वर केला.

"थांब. ओळखून? कोणी ओळखून?" तिचा आवाज चढत गेला. "आमच्या घरात येऊन 'बायकू आवर, न्हाई तर माझ्या रानात पाऊल ठेवू देणार न्हाई' म्हणला व्हता तुझा भाऊ! पल्लवीचा बाप त्या दिवशी जेवला न्हाई. आमी गप बसलो, म्हणलं, लेकरं शिकाया लागली, झालं. नाव नको, गाव नको. आन् आता मीच नटून जाऊन त्याच्या गळ्यात हार घालू? माझ्याच हातानं? अरे, आमची लाज वाटत व्हती मला इतकी वर्सं! आमची! आमी काय चोरी केली व्हती रे?"

"मावशी, मी निस्ता निरोप घेऊन..."

"तुझी माय चाकाम्होरं पडली व्हती, संतराम. ती गेली म्हणून का तिचं काहीच राहिलं न्हाई?"

संतराम उठला, चपला घातल्या आणि गेला. लक्ष्मीबाई पल्लवीला म्हणाली, "ते कोर्टाचं कागद हाय ना तुझ्याकडं, ते टाक. आरोपी तर आरोपी. पर आधी समद्यायला इचारू."

दोघी दारोदार गेल्या. मंजुळाबाई म्हणाली, मला वाचता येत नाही, पण माझं नाव बराबर लिही. गयाबाईनं नुसतं "व्हय" म्हटलं आणि चहा टाकला. धुरपताबाईच्या सुनेला तिथंच पहिल्यांदा कळलं, आणि ती सासूकडं टकामका बघत राहिली. चतुराबाई म्हणाली, इतके दिवस काहून झोपल्या व्हता? शिला तेवढी अडखळली. "माझ्या जावयाला कळलं तर गं?" माहेरी आलेली तिची लेक आतून बाहेर आली. ती आता दवाखान्यात नर्स होती. "आई, मी त्याच गाडीनं शिकले. त्यांना कळू दे, मीच सांगते," ती म्हणाली. शिलानं डोळ्याला पदर लावला. नर्मदाबाईचं विचारायला संतरामकडं जायचं का, असं पल्लवीनं विचारलं तेव्हा लक्ष्मीबाई म्हणाली, "तिला म्या जास्त ओळखते. लिही."

पल्लवीनं लेख नव्यानं लिहिला. बससेवा कशी सुरू झाली ते लिहिलं, सातही नावं लिहिली, प्रत्येक नावापुढं निकालाचा संदर्भ लावला. आपल्याच शिस्तीनं तो खाली एकदाच दिसेल असा बांधला. भाऊंनी पहिल्या फेरीच्या वेळी नारळ फोडला हेही लिहिलं, कारण ते खरं होतं.

वस्तुनिष्ठनं निकाल वाचला असावा. या वेळी काही पुसलं नाही. फक्त एक दुरुस्ती केली. सात नावं काढून टाकली आणि लिहिलं, 'लक्ष्मीबाई व इतर सहा महिला'. कारण दिलं होतं: 'पुनरावृत्ती टाळली. सुटसुटीत केले.'

सुटसुटीत! पल्लवी उभीच राहिली खुर्चीतून. मग बसून तिनं लिहिलं, आणि या वेळी आदरणीय वगैरे काही लिहिलं नाही. 'एका माणसाचं नाव नऊ वेळा छापलं होतं तेव्हा तुम्हाला पुनरावृत्ती दिसली नाही. ती दाखवली तर तुम्ही मला धूळपाटीवर पाठवलं. आता सात बायका एकेकदा आल्या तर तुम्हाला गर्दी वाटते. मी दहा वर्षं इथं संदर्भ एकत्र करते. संदर्भ एकत्र करायचे असतात, माणसं नाहीत.'

थोड्या वेळानं तिनं पान उघडलं तर सातही नावं जागेवर होती. ती वस्तुनिष्ठनंच परत ठेवली होती, कारण न देता.

शुक्रवारपर्यंत तो लेख निंबगव्हाणच्या प्रत्येक फोनवर फिरला. बसमध्ये पोरी मोठ्यानं वाचत होत्या. शनिवारी दुपारी लक्ष्मीबाई हयातीच्या दाखल्यासाठी केंद्रात येऊन बसली होती. आपण जिवंत आहोत हे दर वर्षी अंगठा लावून सिद्ध करायचं, त्याशिवाय निराधाराचा सरकारी पगार चालू राहत नाही. मशीन तिच्या घासलेल्या बोटांना ओळखत नव्हतं आणि ती मशीनला शिव्या घालत होती. तेवढ्यात संतराम आला. हातात तोच पेनड्राइव्ह.

"नवा मजकूर दे," तो म्हणाला. "मीच म्हणालो व्हतो, कोशात हाय तेच कोरायचं. आता कोशात येगळं हाय. उद्या कुणी फोन म्होरं धरला तर काय सांगू? भाऊ म्हणाले, उद्घाटक म्हणून खाली नाव राहू द्या, वरचं तुमचं तुमी बघा."

पल्लवीनं मजकूर मांडून दिला. संतरामनं तो बघितला, ओळी मोजल्या, डोकं खाजवलं.

"एवढं बसत न्हाई गं. दगड कापून तयार हाय, पाथरवट थांबलाय. सात नावं कुठं घालू? 'लक्ष्मीबाई व इतर' केलं की दोन ओळीत बसतंय. मावशीचं नाव तर येऊनच राहिलं ना."

पल्लवी तोंड उघडणार तोच लक्ष्मीबाईनं मशीनवरचा अंगठा काढला.

"संतराम, आमाला ठाण्यात बसवलं त्या दिवशी तू डबा घेऊन आला व्हतास. दुपारच्या उन्हात, सायकलवर. ठाऊक हाय ना?"

"हाय मावशी."

"तो कुणासाठी आणला व्हतास रे? इतरांसाठी?"

पंखा फिरत होता, बाहेर चौकात कुणीतरी ट्रॅक्टर मागं घेत होतं. संतरामनं एकदा पडद्यावरच्या नावांकडं बघितलं, दुसऱ्या ओळीतल्या आपल्या आईच्या नावाकडं. मग खिशातून फोन काढला आणि पाथरवटाला लावला.

"थांब, कोरू नको," तो म्हणाला. "तो दगड राहू दे. मोठा दगड लागंल."